उलट्या विमानातला मामा

या, या, असे जवळ सरकून बसा. दाराशी अंग चोरून उभे आहात त्यांनीही पुढं या. देवाच्या दारी आणि गोष्टीच्या बैठकीत मागची रांग नसते. आज एका अशा माणसाची गोष्ट सांगायची आहे, जो पाण्याच्या भीतीनं आभाळात पळून गेला, आणि आभाळानं ज्याचा कान धरून त्याला परत पाण्यात आणून सोडलं. हसायला मोकळीक आहे. देवानं माणसाला हसू दिलं ते काही कुलूप लावून ठेवायला नाही.

आमच्या ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावर पोरगं चालायच्या आधी बुडी मारतं. वाडवडिलांनी समुद्राच्या तळाचा स्पंज कापून आणला, त्यावर घरं बांधली, लेकी उजवल्या, घंटाघर उभं केलं. अशा बेटावर, असल्याच एका घरात, सेवास्तीच्या पोटी थेमेलिस जन्मला. बाप्तिस्म्याला चर्चचे धर्मगुरू पापा प्रोकोपिसनी त्याला पाण्यात बुडवून काढलं, तेव्हा त्यानं असा टाहो फोडला की जवळची मेणबत्ती विझली. तेव्हापासून त्याचं नि पाण्याचं काही जमलं नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं की त्याच्या पाचावर धारण बसायची.

सेवास्तीचा थोरला भाऊ याकूमिस म्हणजे बेटावरचा नामांकित पाणबुड्या. सगळं गाव त्याला आदरानं बार्बा म्हणायचं. तो यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "सेवास्ती, पोराला मिठाचं घडवलंस की काय गं? एवढं कोरडं ठेवतेस ते!"

"तू तुझ्या मिशा सांभाळ, दादा," सेवास्ती म्हणायची. मिशाही तशाच होत्या. गलबताच्या दोन शिडांसारख्या.

थेमेलिस मोठा झाला, तसा समुद्रापासून दूर दूर जात राहिला. आधी डोंगरावर शेळ्या राखल्या, पण वरून समुद्र चहूबाजूंनी दिसायचा. मग म्हणाला, याहून वर जाऊ. तो विमान चालवायला शिकला आणि थेसालीच्या सपाट मैदानात कापसावर औषध फवारायच्या नोकरीला लागला. तिथं समुद्र औषधालासुद्धा नव्हता. पण आईसुद्धा नव्हती. संध्याकाळी एकटाच भाड्याच्या खोलीत पाव आणि चीज खायचा, आणि जेवता जेवता चर्चमधली गाणी गुणगुणायचा. गळा गोड होता त्याचा. सुटीत घरी आला की चर्चमध्ये डावीकडच्या गायकांत त्याची जागा ठरलेली. बाप वारला, तशी सेवास्तीही एकटीच ताटावर बसू लागली. मायलेक दोन ठिकाणी एकटे जेवतात, हे काही बरं चित्र नाही.

अशात बेटावर बातमी आली, की पाण्यावर उतरणारं एक लहान विमान आसपासच्या बेटांवर माणसं आणि औषधं घेऊन फिरणार आहे, आणि त्याला इथलाच एक वैमानिक हवा आहे. एकच. थेमेलिसनं कापूस सोडला आणि पुढची बोट पकडली. धक्क्यावर उतरल्यावर त्याला कळलं, की नोकरीआधी एक परीक्षा आहे. विमान समुद्रात पडलं तर त्यातून बाहेर कसं यायचं, त्याची. आणि ती समुद्रात.

"देवा, तुझी थट्टा फार बारीक असते," थेमेलिस म्हणाला.

दुसरा उमेदवार होता शेजारचा नोमिकोस. त्यानंही विमानाचं लायसन काढलेलं, शिवाय छाती अशी की पाण्याखाली गेला तर लोक त्याची वाट बघत पत्त्यांचा डाव संपवायचे. गावानं नोकरी त्याला देऊनच टाकली होती.

शिकवायला आली कॅप्टन इव्हांथिया. नौदलात हेलिकॉप्टर चालवून निवृत्त झालेली, काडीसारखी बारीक, आवाज मात्र भोंग्यासारखा. पहिला धडा तिनं कॉफीच्या दुकानातच घेतला. टेबलावर पाण्यानं भरलेलं ताट ठेवलं, आणि विमान म्हणून एक बांगडा हातात घेतला.

"बघा. इंजिन बंद पडलंय. घाबरून नाक खाली घातलंत," तिनं बांगड्याचं तोंड ताटात खुपसलं, "तर संपलात. शेपूट खाली, नाक जरा वर, वेग जेवढा कमी करता येईल तेवढा. आणि लाटेवर समोरून धडकायचं नाही. ती जशी लांबच लांब पसरलीय, तिच्या बाजूनं, तिच्या पाठीवर हलकेच बसायचं. असं."

"बांगडा शिळा आहे," मागच्या टेबलावरून एक म्हातारा म्हणाला.

"विमानही नवं नसणार," कॅप्टन म्हणाली. "पुढं. टेकायच्या आधीच दार उघडायचं आणि फटीत बूट अडकवायचा. धक्क्यानं चौकट वाकली की दार बसतं, ते बसतंच."

"बूट?" सेवास्ती खिडकीतून आत डोकावली. ऐकायला म्हणून अर्धी आळी बाहेर उभी होती. "कुठला बूट? ईस्टरला घेतलेला तर नाही ना?"

"जीव मोठा की बूट, बाई?"

"जुना बूट घाला म्हणते मी. त्यानं काय दार कमी अडतं?"

कॅप्टननं मान्य केलं की जुन्या बुटानंही दार अडतं. "आणि अंगातलं जॅकेट बाहेर आल्यावरच फुगवायचं. आत फुगवलंत तर फुग्यासारखे वर जाऊन चिकटाल. मग तुम्हाला तिथून संतसुद्धा सोडवणार नाहीत."

"संतांचं तुम्ही सांगू नका, बाई," पापा प्रोकोपिस कॉफीचा घोट घेत म्हणाले.

"कॅप्टन."

"कॅप्टनबाई."

धडे झाले, आता सराव. होड्या दुरुस्तीच्या आवारात मोठी क्रेन होती. तिला एका मोडक्या विमानाचा पुढचा डबा पट्ट्यांनी टांगला. खुर्च्या होत्या, दार होतं, पंख नव्हते. माणसाला आत बांधायचं, डबा बंदरात सोडायचा, पाणी भरलं की उलटा करायचा, आणि माणसानं बाहेर यायचं. बाजूला दोन पाणबुडे राखणीला. पाणी खोल नव्हतं, पण बुडायला खोली लागत नाही, बुडणारा लागतो.

थेमेलिसच्या पायाला पाणी लागलं, आणि त्यानं पट्टा सोडला. डबा उलटला तेव्हा तो आत पोत्यातल्या मांजरासारखा गरगरला. पाणबुड्यांनी त्याला ओढून काढलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. नाकातोंडात एवढं पाणी गेलं की नोमिकोस म्हणाला, "अरे, थोडा समुद्र आम्हाला राहू दे की!"

कॅप्टननं त्याला धक्क्यावर बसवलं, खांद्यावर टॉवेल टाकला. "ऐक. एक हात दाराच्या चौकटीवर. तो सोडायचा नाही. उलटं झालं की वर कुठं नि खाली कुठं, डोकं खोटं सांगतं. हात खोटं सांगत नाही. पाणी शांत होऊ दे. मग दार. पट्टा सगळ्यात शेवटी. आकडे मोज."

"मोजले, कॅप्टन. पण आकडे माझ्या आधीच पळून गेले."

हे पापा प्रोकोपिसांनी ऐकलं. संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर त्यांनी थेमेलिसला थांबवलं.

"काय रे, 'कीरिये एलेइसॉन' म्हणताना तू कधी घाई केलीस?"

"नाही, पापा. घाई केली की तुम्ही खोकता."

"मग तिथंही तेच म्हण. मनातल्या मनात. प्रभो, दया कर. शेवटचा सूर विरल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही. दया मागताना जो पळत सुटतो, त्याला दया पाठवायची कुठल्या पत्त्यावर, हे देवालाही कळत नाही बाबा."

थेमेलिस घरी गेला, स्वयंपाकघरातल्या घमेल्यात तोंड घातलं आणि मनात गाऊ लागला. काय चमत्कार! गळ्याला सवय होती, ती छातीनं ओळखली. श्वास जणू गायकांच्या रांगेत शिस्तीत उभा राहिला. एक आवर्तन झालं, दुसरं झालं, भीती होती पण ती तालात होती.

मागून सेवास्तीची किंकाळी आली. "अरे मेल्या, उद्याचे वाल भिजलेत त्यात!"

परीक्षा रविवारी, चर्च सुटल्यावर. सगळं गाव धक्क्यावर. बायकांनी द्राक्षाच्या पानांतल्या भाताच्या गुंडाळ्या डब्यात आणल्या होत्या, म्हाताऱ्यांनी दुकानातल्या खुर्च्याच उचलून आणल्या होत्या. पापा प्रोकोपिसनी त्या मोडक्या डब्यावर तुळशीच्या जुडीनं पवित्र पाणी शिंपडलं. कॅप्टन म्हणाली, आता तो पाण्यातच जाणार आहे. पापा म्हणाले, हे पाणी वेगळं.

वैमानिकानं एकट्यानं सुटायचं नाही, प्रवाशालाही काढायचं, असा नियम. त्यासाठी मागवलेली वाळूची बाहुली बोटीनं भलत्याच बेटावर उतरवली. म्हणून बेकरीवाल्यानं छोल्यांचं एक पोतं दिलं. त्याला डोक्याला रुमाल बांधून, खुर्चीत बसवून, पट्टा लावला. बायकांनी लगेच त्याचं नाव ठेवलं, सोफियाकाकू.

नोमिकोस आधी गेला. डबा बुडाला, उलटला. नोमिकोस सुरीसारखा बाहेर आला, हे वरून सगळ्यांना दिसलं. टाळ्या पडल्या. पण तो वर येईना. पाण्यावर सावली इकडून तिकडं फिरतेय. कॅप्टन धक्क्याच्या कडेला आली. शेवटी नोमिकोस उसळून वर आला, आणि त्याच्या हातात हाताएवढा लांब ऑक्टोपस!

गाव नाचायचं बाकी राहिलं. कालिम्नोसचा माणूस पाण्यातून रिकाम्या हातानं वर येत नाही. आला तर घरी बायको दार उघडायला वेळ लावते. एक म्हातारा तर विस्तव पेटवायला धावला.

"आणि प्रवासी?" कॅप्टननं विचारलं.

नोमिकोसचं तोंड उघडंच राहिलं. "सोफियाकाकू..."

सोफियाकाकूंना पाणबुड्यांनी वर आणलं. पण ओल्या पोत्याची शिवण उसवली, आणि काकू दाण्यादाण्यानं समुद्राला मिळाल्या.

"नापास," कॅप्टन म्हणाली.

"पण कॅप्टन, ऑक्टोपस बघा ना केवढा!"

"त्याला तिकीट दिलं होतंस का?"

आता थेमेलिसची पाळी, आणि प्रवासीच उरला नव्हता. तेव्हा गर्दीतून काठी टेकत बार्बा याकूमिस पुढं आला. एकदा खोल समुद्रातून घाईनं वर येताना त्याचा एक पाय आखडला होता, तो कायमचा. तेव्हापासून डॉक्टरांनी त्याला पाणी बंद केलं होतं, आणि डॉक्टरांपेक्षा कडक म्हणजे बहिणीनं.

"मी बसतो," तो म्हणाला.

"दादा! खबरदार!" सेवास्ती ओरडली.

"गप गं. डोकं बुडेल एवढंच तर पाणी. अंघोळ करतो तेव्हा काय तुझी चिठ्ठी घेतो?"

कॅप्टननं त्याला नीट निरखलं. "बार्बा, पाण्याखाली तुमचं डोकं ठिकाणावर राहील?"

"कॅप्टनबाई, माझं डोकं ठिकाणावर राहिलं ते तिथंच. वर आल्यावर बिघडलं."

बाजूचे दोन्ही पाणबुडे हो हो म्हणाले. म्हणणारच, दोघंही बार्बाकडेच बुडी शिकलेले. कॅप्टननं पाणबुड्यांना दोन्ही बाजूंनी चिकटून राहायला सांगितलं आणि क्रेनवाल्याला हात केला.

थेमेलिसचे ओठ पांढरे पडले होते. शेजारी मामा नवरदेवासारखा ताठ बसला होता. "भाच्या," तो म्हणाला, "बाहेर काढायचं ते हळूच काढ. घाई नाही."

थेमेलिसनं छातीवर क्रूसाची खूण केली, दाराच्या फटीत जुना बूट कोंबला, चौकट घट्ट धरली. गार पाणी गुडघ्याला आलं, छातीला आलं, हनुवटीला आलं. मग जग उलटं झालं. कानांत फेसाचा गडगडाट, डोळ्यांपुढं हिरवा अंधार. आणि त्या अंधारात थेमेलिसनं मनात सूर लावला. कीरिये... पाणी ढवळतंय, ढवळू दे. एलेइसॉन... बुडबुडे संपत आले. पापा खोकणार नाहीत इतक्या सावकाशीनं त्यानं शेवटचा सूर विरू दिला. मग बूट सरकवून दार ढकललं, पट्टा सोडला, आणि अर्धं अंग बाहेर घातलं. वर उजेड दिसत होता. हात लांब केला असता तर हाती लागला असता.

त्यानं वळून मामाला खूण केली: चला.

मामा उलटा बसला होता. हाताची घडी, डोळे अर्धे मिटलेले, मिशीची दोन टोकं उजेडाकडं तरंगतायत. चेहऱ्यावर असं सुख, जसं चर्चमध्ये भलामोठा उपवास सुटल्यावर असतं. त्यानं एक बोट हलवलं: तू हो पुढं.

थेमेलिसनं पाणबुड्यांकडं पाहिलं. ते काचेपाशी होते. मामानं त्यांनाही खूण केली: सगळं ठीक. आणि ते गुरुभक्त मागं सरले! गुरूच्या अंगाला हात लावायचा कसा, आणि तोही तो आनंदात असताना?

थेमेलिसची छाती भाजायला लागली. उजेड तिथंच होता. जिभेवर मीठ होतं, कानात स्वतःचाच ठोका. पण प्रवासी आत होता. एक हात चौकटीवर तसाच ठेवून तो वाकला आणि दुसऱ्या हातानं मामाचा पट्टा सोडला. मामानं खुर्चीच घट्ट धरली. थेमेलिसनं कॉलर ओढली, कॉलर हातात आली. कान धरला, कान निसटला. मग समोर तरंगणारं जे सापडलं, ते त्यानं मुठीला गुंडाळलं आणि ओढलं.

धक्क्यावर तोवर हलकल्लोळ. सेवास्ती चपलांसकट कमरेएवढ्या पाण्यात उतरली होती, "पनागिया, मरिया माते, माझं पोर! पनागिया माते, माझा भाऊ!" कॅप्टन बूट काढून उडी मारायच्या बेतात होती. तेवढ्यात पाणी फुटलं. आधी थेमेलिसचं डोकं आलं, मग त्याची मूठ, आणि मुठीत मिशीला लटकलेला बार्बा याकूमिस, बोंबलत:

"सोड! सोड, हरामखोरा! मिशी आहे ती, दोर नाही!"

असा हशा उसळला की बंदरातली कबुतरं उडाली. हसता हसता बायका रडत होत्या, आणि रडणारी सेवास्ती दोघांनाही एकाच ओल्या चपलेनं बडवत होती.

कॅप्टन मात्र हसली नाही. तिनं थेमेलिसला समोर उभं केलं. "नियम काय आहे? बाहेर पडलेला वैमानिक पुन्हा आत जात नाही. त्यानं दोघंही जातात."

थेमेलिसच्या डोळ्यांपुढं कापसाचं ते सपाट मैदान उभं राहिलं, ती भाड्याची खोली, तो पाव, ते चीज.

"मी बाहेर पडलोच नव्हतो, कॅप्टन," तो दम खात म्हणाला. "हात चौकटीवरच होता."

"सगळा वेळ?"

त्यानं तळवा उघडला. चौकटीच्या गंजाचा लाल पट्टा तळव्यावर रुतून बसला होता, मधोमध, सरळ. दुसऱ्या हाताच्या मुठीत पांढऱ्या केसांचा एक झुबका होता. तो त्यानं हळूच मागं लपवला.

कॅप्टननं तळवा बघितला. मग बार्बाकडं वळली. "आणि तुम्ही? बाहेर का येत नव्हता?"

बार्बा मिशी चोळत होता. आता सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं. त्यानं दुखरा पाय पुढं घेतला, त्याच्याकडं बघितलं. "काय सांगू, कॅप्टनबाई," तो हळूच म्हणाला. "खाली पाय दुखत नाही."

सेवास्तीच्या हातातली चप्पल खाली आली.

मग कॅप्टन खाकरली. "प्रवाशाला मिशीला धरून काढावं, असं आमच्या शिकवणीत कुठंच नाही," ती म्हणाली. "काढू नये, असंही नाही. पास."

नोमिकोसनंच आधी आरोळी ठोकली आणि थेमेलिसला खांद्यावर घेतलं. ऑक्टोपस भाजून झाला होता. त्या दुपारी सगळ्यांनी तो थोडा थोडा खाल्ला. पापा म्हणाले, नापास झालेल्याच्या हातचं जेवण पहिल्यांदाच इतकं गोड लागलं.

थेमेलिस आता बेटाबेटांवर विमान उतरवतो. पाण्यावर टेकताना अजून मनात गातो, आणि प्रवाशांना वाटतं की वैमानिक किती शांत आहे. रविवारी सकाळी चर्चमध्ये, दुपारी आईसमोर ताटावर. बार्बा बरीच वर्षं त्याच्या शेजारच्या खुर्चीत फुकट फिरला. प्रत्येक वेळी विमान पाण्यावर अलगद बसलं की तोंड पाडून विचारायचा, "आज पण सरळच का रे?" शेवटी एका वसंतात तो आपल्या अंथरुणात, अगदी कोरडा, झोपेतच गेला. रिवाजाप्रमाणे मृताच्या नावानं वाटायचे गहू शिजवले त्यात सेवास्तीनं बेदाणे जास्तच घातले.

आता एवढं करा. तुमचा गुडघा असेल, कंबर असेल, जे काही वर्षानुवर्षं दुखत असेल, ते एखाद्या दिवशी घटकाभर दुखायचं थांबलं, तर त्या घटकेत बार्बा याकूमिसची आठवण काढा. मेणबत्ती हाताशी असली तर लावा, नसली तर नुसतं नाव घ्या. त्याला पोचेल.